आठवा गडी

नेसरीत सात या आकड्याला फार मान आहे. 24 फेब्रुवारी 1674 रोजी सरनोबत प्रतापराव गुजर सहा जणांना सोबत घेऊन इथल्या खिंडीत बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण कामी आले. कुसुमाग्रजांनी त्यांच्यावर कविता लिहिली, लताबाईंनी ती गायली आणि गडहिंग्लज तालुक्यातलं हे गाव महाराष्ट्राला तोंडपाठ झालं. त्यामुळे सात जणांनी मिळून काही करायचं म्हटलं की नेसरीकराची छाती आपोआप पुढे येते. कबड्डीला तर नेमके सातच लागतात. हा खेळ दुसऱ्या कुणी शोधून काढला असेल यावर इथल्या पोरांचा विश्वास बसत नाही.

भानगड पुढे आहे. नियमाप्रमाणे संघात बारापर्यंत खेळाडू घेता येतात. सात मैदानात, पाच बाकावर. या पाचांत जो पहिला बसतो, तो आमचा आठवा. त्याला बारशात ठेवलेलं रीतसर नाव आहे. ते हजेरीपटात, आधार कार्डावर आणि एसटीच्या पासावर सापडतं. बाकी सगळीकडे तो आठवाच. सकाळी किटली घेऊन डेअरीत गेला तरी माप घेणारा म्हणतो, "आठवा आला बघ, लिही." रांगेत तिथे त्याचा नंबर बहुतेक वेळा पहिला असतो, पण त्याने काही फरक पडत नाही.

बी.ए. भाग तीनला आहे, विषय इतिहास. उंची बरी, दम चांगला, अंगावर फाजील मांस नाही. भाग एकपासून संघात आहे. "संघात आहे" हे दोन शब्द तो फार जपून वापरतो. पाव्हण्यांनी विचारलं, "काय करतोस?" की हा सांगतो, "कॉलेजच्या संघात आहे," आणि पुढचा प्रश्न यायच्या आत त्यांना पाणी आणायला आत जातो. पाणी देण्यात त्याचा हात धरणारा दुसरा कुणी तालुक्यात नाही.

सामन्याच्या दिवशी त्याला बघून घ्यावं. दोन्ही गुडघ्यांना नी कॅप, घोट्याला पट्टी, कपाळाला बँड, मनगटाला काळा दोरा आणि या सगळ्यावर ट्रॅकसूट, चेन पार गळ्यापर्यंत ओढलेली. मैदानातल्या सातांपैकी एकाकडेही एवढा सरंजाम नसतो. त्यांच्या नी कॅप पहिल्याच सत्रात घसरून पोटरीवर येतात, याच्या जागच्या हलत नाहीत. जर्सी भाग एकला मिळाली, ती अजून दुकानातल्या घडीसकट आहे. आईला आधी याचं कोण कौतुक! "माझं पोर किती निगुतीनं खेळतंय, कापडाला डाग म्हणून न्हाई," असं ती शेजारणीला सांगायची. मग शेजारणीचा मुलगा संघात आला, डावा कोपरा खेळायला लागला आणि त्याची जर्सी चार पाण्यांतून काढली तरी लाल माती सोडीना. तेव्हा आईला शंका आली.

"का रं, तू खेळतोस नव्हं?"

"राखीव हाय मी."

"म्हंजे?"

"म्हंजे लागलं तर उठायचं."

"घरात तरी दुसरं काय करतोस!" आई म्हणाली आणि चुलीकडे वळली.

वडिलांचा प्रश्न अधिक व्यवहारी होता. शेजारच्या चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई 2018 च्या प्रो कबड्डीत यू मुंबाकडून तळपला आणि पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी 1 कोटी 45 लाख रुपये मोजले. तेव्हापासून या पट्ट्यातल्या बापांची नजरच बदलली. "खेळून पोट भरतंय व्हय?" असं विचारणारे आता "चढाईला जातोस का पकडीला?" असं विचारतात. आठव्याच्या वडिलांनीही एकदा गोठ्यात गाठून विचारलं, "त्येला कोटी दिलं. तुला काय देत्यात?"

"दोन केळी आणि उकडलेलं अंडं."

"खेळल्यावर?"

"न्हाई, न खेळता बी देत्यात."

वडिलांनी मनात हिशेब केला असावा. म्हैस धुता धुता ते एवढंच म्हणाले, "मग सोडू नगंस."

आठवा राखीव आहे तो पहिल्या चढाईपटूचा. बास्केटबॉलमध्ये जे पॉइंट गार्डचं, तेच थोडंफार कबड्डीत पहिल्या चढाईपटूचं. सामना त्याच्या चालीने चालतो. तो तापला तर सगळे तापतात, तो थंडावला तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. अमेरिकेतल्या कॉलेजांत हा पॉइंट गार्ड दमला तर बाकावरून उठवायचं कुणाला, यावर म्हणे मोसमभर खल चालतो. नेसरीत तो खल स्टँडसमोर चहाच्या गाड्यावर चालतो आणि आमच्याकडचे पर्याय जास्त अवघड आहेत.

सरांच्या वहीत या जागेसाठी तीन नावं आहेत. पहिला अंगाने आडवा. चढाईला गेला की समोरची साखळी तुटते. पण पुरुषांच्या गटाला 85 किलोची मर्यादा आहे आणि घरचं जेवण ती मानत नाही. स्पर्धेच्या आदल्या दिवशी हा पाणीसुद्धा मोजून पितो, ट्रॅकसूटवर जर्किन घालून भर उन्हात अडकूरच्या रस्त्याने पळतो, सकाळी काट्यावर कसाबसा 85 च्या आत बसतो आणि मैदानात उतरेपर्यंत त्याच्यात मध्यरेषा ओलांडायचंही त्राण उरत नाही. दुसरा मोठा चपळ, टाच लावून कधी परतला ते पंचांनाही कळत नाही. पण त्याच्या घरी ऊस आहे. विभागीय स्पर्धा आणि ऊसतोड नेमकी एका हंगामात येते. "सर, टोळी आलीया फडात," एवढा फोन येतो आणि गुणांची आशा उसाच्या वाड्याबरोबर बांधली जाते. तिसरा आठवा. त्याचं वजन बसतं, ऊस भाऊ बघतो, फोन पहिल्या रिंगला उचलतो आणि सर येण्याआधी मैदानात असतो. सरांनी एकदा तिघांचं मूल्यमापन एका दमात केलं होतं: "पहिला चांगला, दुसरा त्याहून चांगला, आणि तिसरा आहे."

मग याला उतरवत का नाहीत? गावातल्या जाणकारांचं यावर एकमत आहे. आठव्याला खेळ फार कळतो. समोरचा उजवा कोपरा घोटा धरायला झेपावण्याआधी डोळे बारीक करतो, मधल्याचा डावा खांदा जुना दुखावलेला आहे, कव्हरवाला पकडीला कधीच पहिला जात नाही, हे सगळं त्याला पहिल्या पाच मिनिटांत दिसतं. पण चढाई तीस सेकंदांची असते. त्यातली पंचवीस तो खात्री करून घेण्यात घालवतो आणि उरलेल्या पाचांत परत येतो. सरावात त्याने काढलेल्या बहुतेक चढाया अशाच रिकाम्या असतात. निदानरेषा ओलांडून बिनगुणाचा परततो आणि सरांना सांगतो, "माझा अंदाज बरोबर होता, सर." सर म्हणतात, "गुण कुठाय?" हा म्हणतो, "पुढच्या खेपेला." कबड्डीत लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यावा लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. आठव्याची पुढची खेप तिथपर्यंत पोचतच नाही.

बाकावर मात्र तो राजा आहे. त्याच्या मांडीवर पंचा पसरलेला असतो आणि पंच्यावर सात जणांचे सात मोबाइल, चार अंगठ्या, एक चांदीची साखळी आणि कुणाच्या तरी मोटारसायकलची किल्ली. कुठला फोन कुणाचा ते तो न बघता सांगतो. सामना रंगात आलेला असताना पहिल्या चढाईपटूच्या आईचा फोन येतो. हा तो उचलतो. "काकू, ह्यो आत हाय. व्हय, बरा हाय. आताच बोनस घेतला. न्हाई, लागलं न्हाई. थांबा, थांबा... धरला, काकू, धरला त्येला! काय न्हाई हो, बाद झालाय नुस्ता, येतोय परत." त्याच वेळी डावा हात बर्फाची पिशवी शोधत असतो आणि तोंडाने तो आपल्या रिकाम्या चढाया मोजत असतो. गुणलेखकाने एखादा गुण कमी मांडला तर आधी आठवा उठतो, मग सर.

खेळाचे नियमही त्याच्यावर रुसलेले आहेत. कबड्डीत बाद झालेल्याला परत येण्याची आशा असते. आपल्या संघाने गुण मिळवला की त्याला जीवदान मिळतं आणि तो टाळ्यांच्या गजरात आत जातो. एका सामन्यात माणूस चार वेळा मरतो आणि चार वेळा उठतो. राखीवाला ती सोय नाही, कारण तो आधी बाद झालेलाच नसतो. मागे एकदा पहिला चढाईपटू पंचांशी हुज्जत घालायला लागला तेव्हा आठव्याच्या डोळ्यांत चमक आली. पंचांनी पिवळं कार्ड दाखवून त्याला दोन मिनिटं बाहेर काढलं. आठव्याने चेनीला हात घातला. तेव्हा सरांनी नियम सांगितला: कार्ड मिळून बाहेर गेलेल्याच्या जागी बदली घेता येत नाही, संघ एकाने कमी खेळतो. म्हणजे सात असले तरी आठव्याची गरज नाही आणि सहा उरले तरी नाही. त्या दिवशी त्याने केळी खाल्ली नाहीत.

त्याची खरी गंमत सरावात असते. सामना जिंकायचा तर सरावाला समोर कुणीतरी हवं आणि ते कुणीतरी होण्याचं काम आठव्याकडे असतं. तो आदल्या आठवड्यात प्रतिस्पर्ध्यांचे सामने पाहून येतो. एसटीने जातो, तिकीट स्वतः काढतो. आल्यावर सर विचारतात, "त्यांचा चढाईपटू कसा आहे?" हा सांगत बसत नाही, उठून करून दाखवतो. उजवा खांदा किंचित पाडतो, "कबड्डी कबड्डी" नाकातून म्हणतो, दोन पावलं डावीकडे टाकून एकदम उजवीकडे हनुमान उडी घेतो. लकबसुद्धा सोडत नाही. चढाईआधी तो खेळाडू मांडीवर दोनदा थाप मारत असेल तर हाही दोनदाच मारतो. आणि चमत्कार असा की दुसऱ्याच्या अंगात शिरला की आठवा गुण घेतो! भराभर घेतो. आपल्याच कोपऱ्यांना लोळवून, हात लावून, हसत परत येतो. सर ओरडतात, "अरे, हाच खेळ सामन्यात का नाही करत?" तो मान खाली घालतो. "तो माझा न्हाई, सर, त्येचा खेळ हाय."

गेल्या मोसमातल्या एका विभागीय सामन्याची गोष्ट गाड्यावर अजून सांगतात. शेवटची दोन मिनिटं, गुण सारखे. पहिल्या चढाईपटूचा घोटा पकडीत पिळवटला आणि तो आडवा झाला. सरांनी टाइम आउट घेतला. टाइम आउट तीस सेकंदांचा. पहिला पर्याय बाकावर धापा टाकत होता, दुसरा पर्याय उसात होता. सर वळले आणि म्हणाले, "ऊठ."

आठवा उठला. बाटल्या खाली ठेवल्या, मोबाइल शेजाऱ्याच्या ओटीत ओतले आणि ट्रॅकसूटची चेन ओढली. चेन गळ्याशी अडकली. इतक्या मोसमांत ती वर ओढायचीच सवय, खाली आणायचा प्रसंग आला नव्हता. दोघे जण धावले. एक म्हणाला खाली ओढ, दुसरा म्हणाला आधी वर घे. तिसऱ्याने जर्सीसकट डोक्यावरून काढायचा सल्ला दिला. तो अमलात आला आणि डोकं आत, हात वर अशा अवस्थेत आठवा थांबला. शिट्टी वाजली. तोवर पहिला चढाईपटू लंगडत उभा राहिला होता. सर म्हणाले, "राहू दे, बस."

आपल्या दोन चढाया रिकाम्या गेल्या होत्या, ही तिसरी. लंगडणारा गडी मध्यरेषा ओलांडून गेला. समोर पाच जण. सेकंद संपत आले आणि बाकावरच्या ट्रॅकसूटमधून आवाज आला, "डावा कोपरा! उजवा पाय!" लंगडणाऱ्याने विचार केला नाही, डाव्या कोपऱ्याच्या पुढे आलेल्या उजव्या पायाला टाच लावली आणि पडत झडत रेषा गाठली. एक गुण! नेसरीचे बघे मैदानात शिरायच्या बेतात असताना सरपंचांनी हात वर केला. चढाईत असलेल्या खेळाडूला त्याच्याच संघातल्या कुणी सूचना केली तर समोरच्या संघाला एक गुण मिळतो. पुन्हा सारखे. आठव्याच्या कारकिर्दीत त्याने सामन्यात थेट मिळवून दिलेला हा एकमेव गुण, आणि तो गेला विरुद्ध संघाला.

शेवटची चढाई त्यांची. त्यांचा तो खांदा पाडणारा गडी आला. मांडीवर दोनदा थाप मारली, दोन पावलं डावीकडे टाकली. आमच्या कोपऱ्याने आठवडाभर रोज हेच पाहिलं होतं, आठव्याच्या अंगात. उडी घेण्याआधीच त्याने कंबर धरली, मागून साखळी आली, सामना एका गुणाने जिंकला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मध्ये पहिला चढाईपटू, त्याला उचलून घेणारे सहा जण, आणि मागे बाकाजवळ बिनडोक्याचा एक ट्रॅकसूट, दोन्ही हात वर केलेला. आईने कात्रण देवघराजवळ चिकटवलंय. "ह्यो माझा," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. "त्वांड दिसंना, पर हात त्येचंच हाईत."

त्या विजयानंतर तो एका गोष्टीच्या मागे लागला. अमेरिकेच्या एनबीएमध्ये बाकावरून उठून चांगला खेळणाऱ्याला 1983 पासून स्वतंत्र पारितोषिक देतात, 'सिक्स्थ मॅन ऑफ द इयर', हे त्याला कुठेतरी कळलं. कॉलेजच्या बक्षीस समारंभात तसं एक ठेवावं, असं त्याने सरांना सुचवलं. सरांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "ते सहाव्याला देतात. तू आठवा."

रविवारी तो प्रतापरावांच्या स्मारकापाशी सापडतो. बाहेरगावची माणसं गाडीतून उतरतात, फोटो काढतात, मोबाइलवर गाणं लावतात. हा जवळ जातो. "बाकी सहांची नावं माहिती हाईत?" माणसं एकमेकांकडे बघतात. मग आठवा परंपरेने चालत आलेली नावं एका श्वासात सांगतो: विसाजी बल्लाळ, दीपाजी राऊतराव, विठ्ठल पिलाजी अत्रे, कृष्णाजी भास्कर, सिद्दी हिलाल, विठोजी शिंदे. चढाईला दम कसा धरायचा ते इथे समजतं. पण त्याचा आवडता प्रश्न पुढचा असतो. "सरनोबत पडले. मग फौज कुणी सांभाळली?" यावर बहुतेक जण गाडीकडे वळतात. जो थांबतो त्याला उत्तर मिळतं: प्रतापरावांच्या हाताखालच्या आनंदरावाने. बिनसेनापतीची फौज त्याने विस्कटू दिली नाही आणि महिन्याभरात बहलोलखानाच्या जहागिरीतली संपगावची पेठ लुटून आणली. सरनोबतीची वस्त्रं पुढे मिळाली ती हंबीरराव मोहित्यांना, आणि 6 जूनला रायगडावर राज्याभिषेक झाला. "आनंदरावाचा पुतळा कुठं बघिटलाय?" असं विचारून आठवा उत्तराची वाट न बघता सायकलवर टांग टाकतो. एकदा पुण्याच्या एका बाईंनी गाड्यावर चौकशी केली, "हे इथले गाइड का?" गाडेवाला म्हणाला, "न्हाई. कबड्डीत असतोय."

यंदा त्याचं बी.ए.चं शेवटचं वर्ष. सरांना पुढच्या मोसमाची चिंता लागली आहे आणि ती पहिल्या चढाईपटूची नाही. भाग एकला चढाई करणारी तीन पोरं आलीत, तिघांनाही आपण सिद्धार्थ देसाई असल्याची खात्री आहे. चिंता आहे ती आठव्याची जागा कोण घेणार याची. नव्या पोरांपैकी एकाला सरांनी बाकावर बसवून बघितलं, तर पाचव्या मिनिटाला ते रुसून घरी गेलं आणि जाताना सहा जणांचे मोबाइल घेऊन गेलं. मैदानातले सात जण दर वर्षी तयार होतात. त्यांना तयार करणारा आठवा तेवढ्या सहज मिळत नाही, हे सरांना तीन मोसमांनी उमगलं आणि माझंही मत तेच आहे.

तेव्हा तुमच्या पाहण्यात असा कुणी असेल तर जरूर कळवा. वजन 85 किलोच्या आत, वय पंचविशीच्या आत, फोन पहिल्या रिंगला उचलणारा, घरचा ऊस दुसऱ्या कुणी बघणारा आणि दुसऱ्याच्या अंगात शिरता येणारा. खेळायला मिळेलच असं सांगता येत नाही. दोन केळी आणि उकडलेलं अंडं नक्की. ट्रॅकसूट तेवढा बिनचेनीचा आणावा.